जबड्यावरचा लाल ठिपका

१

राजधानी सोलहून तपासणीसाठी आलेल्या अभियंत्याने लेसर यंत्राचं मागचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "हे यंत्र तुम्ही वापरता?"

"रोज," हाम यून-सिल म्हणाली. "का?"

"मग रोज तुम्ही पेशंटच्या गालावर नुसती बॅटरी मारत होता."

यून-सिलला आधी तो थट्टा करतोय असं वाटलं. त्याने तिला जवळ बोलावून दाखवलं. औषधाचं काम करणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो कुठे पडतोय हे कळावं म्हणून त्याच्यासोबत एक साधा लाल ठिपका सोडतात. ठिपका व्यवस्थित पडत होता. त्याच्यामागचा किरण मात्र बंद होता. किरणाकडे जाणारी तार कुणीतरी उपसून ठेवली होती, आणि किरण बंद पडल्यावर वाजायला हवी ती शिट्टीही वाजू नये अशी जोडणी करून ठेवली होती.

"आपोआप निघाली असेल."

"आपोआप निघालेल्या तारेला कुणी पट्टी बांधत नाही." त्याने तारेचं टोक चिमटीत धरलं. त्याच्याभोवती जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, हलक्या हाताने, घडी न पाडता. "बघा ना, कशी जपून बांधलीय. तोडायची असती तर तोडली असती. तसा मी पुढच्या आठवड्यात येणार होतो. शेजारच्या गावात काम निघालं म्हणून आज आलो."

यून-सिल खुर्चीवर बसली. मुखो बंदराच्या वरच्या टेकडीवरचं ते दंत रुग्णालय. खाली किनाऱ्यावर माकूल, ते दहा पायांचे समुद्री जीव, वाळत घातलेले असायचे, आणि तो सुका माकूल जन्मभर चावून चावून जबड्याचा सांधा झिजलेली माणसं टेकडी चढून वर यायची. कुणाचं तोंड कडकड वाजायचं, कुणाचं अर्ध्यात अडकायचं, कुणाला घास गिळण्याआधी रडू यायचं. अशांसाठी दोन उपचारांची तुलना चालली होती. अर्ध्यांना लेसर. अर्ध्यांच्या पोटातली थोडी चरबी काढून, तिच्यातून मूळपेशी वाढवून, त्या सांध्यात टोचायच्या. कशाने तोंड जास्त उघडतं, कशाने दुखणं कमी होतं, ते बघायचं.

यून-सिल पूर्वी परिचारिका होती. आता संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णांच्या हिताची राखण करणं हे तिचं काम होतं. प्रत्येकाजवळ बसून तिनेच संमतीपत्र वाचून दाखवलं होतं, आणि प्रत्येकाला ती म्हणाली होती, "इथे तुमची फसवणूक होणार नाही. माझा शब्द आहे."

"हे करायला यंत्र कळायला हवं," अभियंता झाकण लावत म्हणाला. "आतलं सगळं मी इथे तिघांनाच शिकवलं होतं. या खोलीची किल्लीही त्या तिघांकडेच असते ना?"

तिघंही जण वरच्या मजल्यावर, आपापल्या खोलीत, त्या क्षणी काम करत होते.

२

पहिला डॉक्टर मून जे-उक. लेसरची नळी रुग्णांच्या जबड्यावर धरण्याचं काम त्याचं. यून-सिलने सांगितल्यावर तो इतका पांढरा पडला की तिने त्याला पाणी दिलं.

"म्हणजे मी इतके महिने... मॅडम, मी त्यांना विचारायचो हो, ऊब जाणवते का म्हणून. आणि ते हो म्हणायचे."

"पुढच्या वर्षी तुम्ही जिन मॅडमच्या पेशींच्या प्रयोगशाळेत जाणार आहात, असं ऐकलं."

"झालं. म्हणजे चोर मीच." तो कडवट हसला. "जाणार आहे. पण बेक सरांना विचारून. तेच म्हणाले, जा, पुढचा काळ पेशींचा आहे."

"लेसरमध्ये ज्यांनी उभा जन्म घातला ते बेक सर?"

"तेच. मलाही नवल वाटलं होतं." त्याने नाकाच्या दोन्ही बाजू चोळल्या. तिथे लाल वळ उठले होते.

"हे काय?"

"चष्म्याचे. लेसरच्या खोलीतला काळा चष्मा. दिवसभर घालावा लागतो. बेक सरांपुढे त्यात सूट नाही. त्यांच्या एका मित्राचा डोळा गेला होता म्हणे लेसरने. एकदा यंत्र बंद असताना मी चष्मा कपाळावर सरकवला, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, आंधळा दंतवैद्य म्हणून पाटी लावायचीय का दारावर?"

"ते खोलीत यायचे?"

"नियमाने यायचं नव्हतं. पण अधूनमधून येऊन रुग्णांशी बोलून जायचे." मून थांबला. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं आणि परत गेलं.

"काय?"

"काही नाही, मॅडम. सर माझे गुरू आहेत."



३

प्राध्यापिका जिन यंग-रान यांनी यून-सिलला बसा म्हटलं नाही.

"तुम्हाला वाटतंय मी केलं."

"मला अजून काहीच वाटत नाही."

"वाटलं पाहिजे. लेसर मेला की माझ्या पेशी जिंकणार. शेंबड्या पोरालाही कळेल." जिननी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. त्या दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या, दोन शब्दांत माणूस कापणाऱ्या बाई होत्या. "पण एक सांगते. समोरचा पहिलवान बांधून ठेवून जिंकलेली कुस्ती मला कशाला हवी? उद्या दुसऱ्या रुग्णालयात कुणी जिवंत लेसर लावून हीच तुलना केली, तर माझं तोंड कुठे लपवू?"

"मग कुणी केलं असेल?"

"ज्याला मी आजच्या आज जिंकणं हवं होतं, त्याने. उद्याशी ज्याला कर्तव्य नाही."

"मून?"

"तो? त्याला नोकरी मी आधीच दिलीय. त्याने कशाला जीव धोक्यात घालावा?" जिन खिडकीशी गेल्या. खाली बंदरावर धुकं होतं. "आता ही तुलना रद्द होणार, हे कळतंय ना तुम्हाला? बाहेरच्या संख्यातज्ज्ञाकडे निकाल बंद आहेत ते उघडावे लागतील. मी आजच सांगते उघडायला. निदान माझ्या पेशींनी काय केलं ते तरी कळू दे."

दाराशी पोचलेल्या यून-सिलला त्यांनी थांबवलं.

"बेकना सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

यून-सिलला ते सकाळपासून खटकत होतं. आपलं लाडकं यंत्र कुणीतरी मारलं हे ऐकून तिघांतले तिसरे, प्राध्यापक बेक ह्योंग-दोक, चिडले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं होतं, "अभियंता आजच कसा आला?"

४

लेसरच्या गटातल्या ओक-बुन आजीचं माकूल वाळवायचं अंगण बंदराच्या टोकाला होतं. यंदा माकूल फारसा आलाच नव्हता. अर्ध्या दोऱ्या रिकाम्याच वाऱ्यावर हलत होत्या.

"ये गं पोरी," आजी म्हणाली. "वर कुणी मेलं की काय? असं तोंड करून आलीस."

यून-सिल कट्ट्यावर टेकली. खरं सांगायची अजून वेळ आली नव्हती. चौकशी पुरी झाल्याशिवाय कुणाला काही बोलायचं नाही असं संचालकांनी बजावलं होतं.

"सहज आले. जबडा कसा आहे?"

"बघ." आजीने तोंड उघडलं. दोन बोटं आरामात जातील एवढं. पहिल्यांदा आली होती तेव्हा चमचासुद्धा आडवा करून घालावा लागायचा. "काल आंबवलेल्या मुळ्याची किमची खाल्ली, फोड न चिरता. सून बघतच राहिली. म्हणाली, आता घरातल्या फोडी लपवून ठेवायला हव्यात."

"उपचाराच्या वेळी कधी वेगळं काही झालं? खोलीत कोण कोण असायचं?"

"तो नळीवाला डॉक्टर. बिचारा बोलत नाही फार. आणि मोठे डॉक्टर यायचे, बेक. देवमाणूस बघ."

"का?"

"एकदा मला नवऱ्याची आठवण आली. पडल्या पडल्या रडायला लागले. तो काळा चष्मा डोळ्यांवर, आत पाणी साठलं नुसतं. तर बेक डॉक्टर जवळ आले, स्वतःच्या हाताने माझा चष्मा काढला, रुमालाने डोळे पुसले. म्हणाले, आजी, तुमचं तोंड उघडेल. त्यांचेही डोळे लाल झाले होते. माझ्यापेक्षा तेच जास्त रडलेत असं वाटलं मला. एवढा मोठा माणूस."

"तेव्हा नळी बाजूला ठेवली होती?"

"कुठली? नळीवाला धरून बसला होता की जबड्यावर. तो लाल ठिपका मला डॉक्टरांच्या बाहीवर दिसत होता, मध्ये हात आला ना त्यांचा."

यून-सिलने मान हलवली, सुनेने आणलेला बार्लीचा चहा प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. टेकडी अर्धी चढून झाल्यावर तिचे पाय एकाएकी जागच्या जागी थांबले.

५

लेसरची खोली आता कुलूपबंद होती. यून-सिलने ती उघडून घेतली, भिंतीवरच्या खिळ्याचा काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली. आरशात तिचं कपाळ होतं, नाक होतं, तोंड होतं. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या काचा. डोळे लाल आहेत की निळे, कुणालाही सांगता आलं नसतं.

तिने मूनला बोलावलं.

"ओक-बुन आजी रडल्या त्या दिवशी बेक सरांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता."

मूनने नाकावरचे वळ चोळले.

"आणि त्यांनी आजींचाही चष्मा काढला. नळी चालू असताना. मित्राचा डोळा गेला म्हणून यंत्र बंद असतानासुद्धा तुमच्यावर ओरडणाऱ्या माणसाने."

"मला वाटलं सर विसरले," मून हळूच म्हणाला. "मी घाबरून नळी उचलायला गेलो. सर म्हणाले, राहू दे, चालू राहू दे."

"त्यावर तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं, सर थकलेत. आज सकाळी तुम्ही यंत्राचं सांगितलंत तेव्हा कळलं ते का घाबरले नाहीत. मॅडम, तीन जणांना हे यंत्र कळतं. त्यातला मी तर रोज भीतभीत चष्मा घालत होतो. जिन मॅडम या खोलीत कधी पाय ठेवत नाहीत. उरलं कोण, ते मला तोंडाने म्हणायला लावू नका."

यून-सिलने तारेच्या टोकाची ती पांढरी पट्टी आठवली. रागाने कुणी असं बांधत नाही. हे यंत्र ज्याने लहानाचं मोठं केलं, आणि ज्याला ते पुढे परत जोडायचं होतं, त्याचेच ते हात. अभियंता पुढच्या आठवड्यात यायचा होता.

कुणी केलं ते कळलं होतं. पण स्वतःच्या आयुष्याचं काम स्वतःच्या हाताने माणूस का मारेल?

तेवढ्यात जिनचा फोन आला. त्यांचा आवाज इतका बारीक कधी झाला नव्हता.

"निकाल उघडले, हाम मॅडम. तुम्ही बसलाय ना कुठेतरी?"

६

बेक यांचं घर रुग्णालयाच्या मागच्याच गल्लीत होतं. दार त्यांनीच उघडलं. अंगात स्वयंपाकाचा एप्रन, हातात गाळणं. ओट्यावर तांदळाची पेज निवत होती.

"या," ते म्हणाले. "तुम्ही येणार हे माहीत होतं. हिचं जेवण आटपू द्याल का?"

खालून ऊब दिलेल्या जमिनीवर उशी टाकून त्यांची बायको सुक-ही बसली होती. बाई पूर्वी चर्चच्या गायनमंडळात पुढे उभी राहून गायची. यून-सिलने तिला कधीतरी ऐकलं होतं. आता तिची हनुवटी आत गेली होती आणि दातांमध्ये जेमतेम चमच्याची कड जाईल एवढी फट होती. बेक पेज दुसऱ्यांदा गाळत होते. एखादं शीत राहिलं तरी ते बाईला चावता यायचं नाही.

यून-सिलला आता सगळं कळलं.

"आपण बाहेर बोलू या, सर."

"बाहेर कशाला?" सुक-ही बंद दातांतून म्हणाली. शब्द पुसट यायचे, पण कळायचे. "तोंड बंद आहे माझं. कान नाही."

बेक बायकोसमोर बसले. बराच वेळ त्यांनी पेज ढवळली.

"हिच्यावर मी सहा वर्षं लेसर मारला," ते म्हणाले. "माझा स्वतःचा लेसर. देशभर व्याख्यानं देत होतो त्यावर, आणि घरी रोज हिचं तोंड थोडं थोडं मिटत होतं. सांध्याचं हाडच विरघळत गेलं. मग जिनच्या पेशी आल्या. सशांमध्ये हाड भरून आलेलं मी डोळ्यांनी बघितलं. पण हिला चाचणीत घेता येईना. हाड जास्त झिजलेलं, त्यात माझी बायको. चाचणीबाहेर हिला पेशी द्यायच्या तर मंत्रालयाची परवानगी हवी. पेशी लेसरच्या फार पुढे गेल्या असं दिसलं तरच ती लवकर मिळते. दोघं बरोबरीत आले, तर आणखी एक चाचणी, मग आणखी एक. तोवर हिला जेवणाच्या नळ्या लागल्या असत्या."

"म्हणून लेसर बंद केलात."

"माझा लेसर थोडाफार गुण देतो. देत असावा. तेवढा गुण मध्ये येऊ नये म्हणून. या आठवड्यात सगळं संपलं की, अभियंता यायच्या आधी, तार परत जोडणार होतो."

"आणि ज्यांच्या गालावर तुम्ही नुसता दिवा धरलात ते लोक?"

"म्हणून तर जायचो त्या खोलीत. जाऊ नये हे कळत होतं, तरी जायचो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मॅडम, मी राजीनामा देईन, तुम्ही म्हणाल तिथे सही करीन, तुरुंगात जाईन. एकच सांगा. निकाल उघडले असतील. पेशी किती पुढे आहेत?"

यून-सिलने रस्ताभर या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. आता त्यातला एकही शब्द कामाचा उरला नव्हता.

"पुढे नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन्ही गट सारखे. तोंड तेवढंच उघडलं, दुखणं तेवढंच कमी झालं. जिन मॅडमनी तीनदा ताडून पाहिलं. पेशी टोचलेली माणसं आणि लाल दिवा लावलेली माणसं यांच्यात काही फरक नाही. त्या म्हणाल्या, कुणीतरी आठवड्याला जवळ बसवून घेतं, गालाला हात लावतं, कसं वाटतंय विचारतं, तेवढ्यानेही माणसाला काही दिवस बरं वाटतं. पेशींनी त्यावर काही भर घातली नाही. निदान इथे, या माणसांत तरी नाही."



"आणि लेसर?" बेक यांनी विचारलं.

"लेसरचं काहीच कळलं नाही, सर. तो चालू नव्हता."

वाटीतल्या पेजेवर साय धरत होती. सुक-हीने हात लांब करून वाटी स्वतःकडे ओढली, पण उचलली नाही.

"अहो," ती म्हणाली. एकेक शब्द दातांमागून ढकलत होती. "त्या लोकांचीही तोंडं बंदच होती ना? माझ्यासारखी?"

 बेक उठले, मोरीशी गेले, नळ सोडला आणि तसेच पाठमोरे उभे राहिले. यून-सिल निघाली तेव्हाही नळ वाहतच होता.

७

संचालकांचं म्हणणं होतं, रुग्णांना यंत्रात बिघाड झाला एवढंच कळवावं. जिन, ज्यांची सगळी वर्षं त्या निकालात बुडाली होती, त्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगा, नाहीतर मी सांगेन." मग त्यांनी आपली खोली आवरली आणि महिनाअखेर गाव सोडलं. बेक यांच्यावर खटला उभा राहिला. मूनला कुठल्याच प्रयोगशाळेतून बोलावणं आलं नाही.

सांगायचं काम यून-सिलकडे आलं. शब्द तिनेच दिला होता.

ती पहिल्यांदा ओक-बुन आजीकडे गेली. आजीने सगळं ऐकून घेतलं.  हातातला माकूल तिने दोरीवर नीट पसरवला, त्याचे पाय मोकळे केले.

"म्हणजे काहीच नव्हतं त्याच्यात?"

"नुसता उजेड होता, आजी."

"मग मी खात होते ते कशाच्या जोरावर?"

"माहीत नाही."

"पेशीवाल्यांना तरी खरं औषध मिळालं?"

"मिळालं. त्यांनाही तुमच्याएवढंच बरं वाटलं."

आजीने आपल्या गालावर, कानाच्या पुढे, बोटं ठेवली. कितीतरी महिन्यांनी ती जागा आजी पुन्हा चाचपत होती.

"आता ते यंत्र नीट झालं असेल. लावाल का मला?"

"चाचणी बंद झाली, आजी. पुढे काही नाही."

"पोरी," आजी म्हणाली, आवाज न चढवता, "तू आली नसतीस तर मी खात राहिले असते."

पुढच्या महिन्यात तपासायला आजी आली नाही. यून-सिलने बंदराच्या वरच्या रस्त्यावरून फोन केला. सुनेने उचलला.

"सासूबाई परत पेजेवर आल्यात," ती म्हणाली. "चढत्या दुखण्याने झोपत नाहीत. रागावल्या नाहीत हो तुमच्यावर. फक्त म्हणाल्या, हाम मॅडमना सांग, यायची तसदी घेऊ नका."

यून-सिलने फोन पिशवीत टाकला. ज्यांना सांगायचं राहिलं होतं त्यांच्यातल्या एका बाईचं घर समोरच होतं. ती उंबरठ्यापर्यंत गेली, थोडा वेळ उभी राहिली, मग तिने घंटी वाजवली.

"आले, आले," आतून आवाज आला. बाई हसत होती, आणि शब्द नीट फुटत नव्हते, कारण तोंडात घास होता आणि ती तो चावत होती.